अमेरिकी स्पार्कलिंग वाइन कशी निवडावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांत दिवाळीची पार्टी असो, नवं घर घेतल्याचा आनंद असो की थर्टी फर्स्ट, 'बुडबुड्यांची बाटली' आणायचं काम अशा माणसाकडे जातं ज्याला वाइनमधलं थोडंफार कळतं असा इतरांचा समज असतो. तो बिचारा दुकानात जातो, तीस-चाळीस बाटल्यांसमोर उभा राहतो आणि शेवटी सोनेरी कागद बघून एक उचलतो. खालचे प्रश्न अशाच मंडळींचे आहेत. उत्तरं माझ्या आवडीनिवडीसकट दिली आहेत. ती लपवण्यात अर्थ नाही.

अमेरिकेत 'शॅम्पेन' म्हणून जी मिळते ती खरी शॅम्पेन असते का?

फ्रान्समधल्या शँपान्य प्रांतातून आलेली असेल तर खरी. पण त्याच फळीवर 'कॅलिफोर्निया शॅम्पेन' असं छापलेल्या बाटल्याही दिसतील, आणि त्या बेकायदा नाहीत. २००६ मध्ये अमेरिका आणि युरोपीय संघ यांच्यात वाइनचा करार झाला. त्यानुसार अमेरिकेत नव्याने कुणी हे नाव लावू शकत नाही, पण १० मार्च २००६ च्या आधीपासून जे लावत होते त्यांना मुभा राहिली. फक्त शेजारी 'कॅलिफोर्निया' असा खऱ्या जागेचा उल्लेख हवा. कॉर्बेल, कुक्स, आंद्रे ही नावं या सवलतीतली.

गंमत अशी की ज्यांना आपल्या वाइनची खात्री आहे असे बहुतेक अमेरिकी उत्पादक हे नाव वापरतच नाहीत. श्रॅम्सबर्ग, रोडरर इस्टेट, आयर्न हॉर्स यांच्या बाटलीवर ते सापडणार नाही. त्यामुळे अमेरिकी बाटलीवर मोठ्या अक्षरांत 'शॅम्पेन' दिसलं तर ती वाईटच असं नाही, पण माझा हात आपोआप पुढच्या बाटलीकडे जातो.

मग बाटली हातात घेतल्यावर आधी काय वाचायचं?

बारीक अक्षरं. पुढचं नाव, सोनेरी वर्ख, पदकांची चित्रं यांना बाजूला ठेवा आणि तीन गोष्टी शोधा.

पहिली, बुडबुडे कुठे तयार झाले. 'मेथोड शॅम्पेन्वाज', 'ट्रॅडिशनल मेथड' किंवा 'फर्मेंटेड इन धिस बॉटल' असं असेल तर तुमच्या हातातल्या त्याच बाटलीत वाइन दुसऱ्यांदा आंबली आहे. यातला 'धिस' हा शब्द महत्त्वाचा. 'फर्मेंटेड इन द बॉटल' असं लिहिलं असेल तर वाइन कुठल्यातरी बाटलीत आंबवली, मग सगळ्या बाटल्या दाबाखालच्या टाकीत रिकाम्या करून गाळली आणि पुन्हा भरली, असा अर्थ निघू शकतो. एका शब्दाचा फरक, पण लेबल लिहिणाऱ्याने तो विचार करूनच ठेवलेला असतो. 'शार्मा' किंवा 'बल्क प्रोसेस' म्हणजे सगळं काम मोठ्या टाकीत झालं.

दुसरी गोष्ट, द्राक्षं कुठली. नुसतं 'कॅलिफोर्निया' असेल तर राज्यातली कुठलीही, अगदी आतल्या तापलेल्या खोऱ्यातलीसुद्धा. 'अँडरसन व्हॅली' किंवा 'कार्नेरोस' असं ठरावीक द्राक्षक्षेत्राचं नाव असेल तर किमान ८५ टक्के द्राक्षं तिथलीच असावी लागतात. नुसतं 'अमेरिकन' असेल तर एकाहून जास्त राज्यांचा माल एकत्र आलेला असू शकतो.

तिसरी गोष्ट गोडीची, तिच्याबद्दल पुढे.

बाटलीत आंबवलेली आणि टाकीत आंबवलेली, यात एवढा काय फरक पडतो?

आधी साधी, आंबट, कमी अल्कोहोलची वाइन बनवतात. तिच्यात थोडी साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करतात. यीस्ट साखर खातं, कर्बवायू तयार होतो, आणि त्याला बाहेर जायला वाट नसल्याने तो वाइनमध्येच विरघळून राहतो. इथपर्यंतचं काम टाकीतही होतं, आणि झटपट होतं.

खरी मजा त्यानंतर आहे. काम संपलेलं यीस्ट मरून तळाशी बसतं. त्या गाळावर वाइन महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं पडून राहिली की तो गाळ हळूहळू विरघळत जातो आणि तिला भाजलेल्या पावाचा, बदामाचा, लोण्याचा वास देतो. बुडबुडे बारीक होतात, तोंडात टोचत नाहीत. मग बाटल्या थोड्या थोड्या फिरवत उलट्या करत नेतात, म्हणजे गाळ मानेत येतो. पूर्वी हे हाताने होई, आता बहुतेक ठिकाणी शेकडो बाटल्यांचा पिंजरा यंत्र फिरवतं. शेवटी मान गोठवून झाकण काढलं की आतल्या दाबाने गाळाचा गोळा उडून जातो, कमी झालेली जागा वाइन आणि थोड्या साखरेने भरतात, बूच बसतं.

टाकीत हा वेळ सहसा दिला जात नाही. म्हणून टाकीतल्या वाइनला फळाचा ताजा वास असतो, पण तो पावाचा-बदामाचा थर नसतो. इटलीची प्रोसेको मुख्यतः टाकीतच बनते आणि ती छान लागते. पद्धत हलकी म्हणून वाइन हलक्या प्रतीची असं समीकरण नाही. अमेरिकेत मात्र टाकीतला बराच माल स्वस्तात स्वस्त द्राक्षांचा असतो आणि चव झाकायला साखर वापरलेली असते. आठ डॉलरच्या बाटलीने दुसऱ्या दिवशी डोकं दुखलं की लोक म्हणतात 'मला बुडबुडे सोसत नाहीत'. बुडबुड्यांवर हा अन्याय आहे.

बाटलीत किती काळ मुरवायचं याला शँपान्यमध्ये कायदा आहे: लेबलवर द्राक्षांच्या तोडणीचं साल नसलेली वाइन किमान पंधरा महिने, साल असलेली तीन वर्षं. अमेरिकेत असा नियम नाही. चांगले उत्पादक मात्र स्वतःहून दोन वर्षं किंवा जास्त थांबतात, आणि तसं मागच्या लेबलवर अभिमानाने सांगतात. जो काहीच सांगत नाही त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नाही असं मी धरून चालतो.

'नापा' लिहिलं असेल तर निश्चिंत व्हायचं ना?

नाही. नापाचं नाव झालं ते कॅबर्ने सोव्हिन्योंमुळे, म्हणजे उन्हात पिकणाऱ्या दणकट लाल द्राक्षामुळे. बुडबुड्यांना नेमकं उलट हवं: थंडी, धुकं, सावकाश पिकणं. द्राक्षात आंबटपणा टिकला पाहिजे आणि साखर फार चढता कामा नये, कारण दुसऱ्यांदा आंबल्यावर अल्कोहोल आणखी वाढणार असतं. म्हणूनच कॅलिफोर्नियात सगळ्यात आधी, साधारण ऑगस्टमध्येच, तोडणी होते ती या वाइनच्या द्राक्षांची.

नकाशात तीन जागा लक्षात ठेवा. कार्नेरोस हा नापा आणि सोनोमा या दोघांच्या दक्षिण टोकाला पसरलेला पट्टा, सॅन पाब्लो उपसागराला लागून. सकाळी धुकं, दुपारी बोचरा वारा. ग्रीन व्हॅली ही सोनोमात, सेबॅस्टोपोलच्या बाजूला. तिथलं धुकं उशिरापर्यंत हटत नाही. आणि मेंडोसिनोमधली अँडरसन व्हॅली, जी पॅसिफिकच्या दिशेने उघडते. माझं मत विचाराल तर देशातली सगळ्यात भरवशाची जागा अँडरसन व्हॅली. तिथपर्यंतचा रस्ता वळणावळणांचा आहे, गाडी लागणाऱ्यांनी सुंठ जवळ ठेवावी.

नापातले उत्पादकसुद्धा द्राक्षं अशाच थंड भागांतून आणतात. श्रॅम्सबर्ग कॅलिस्टोगात आहे, जे चांगलंच तापतं, पण त्यांची बरीच द्राक्षं कार्नेरोस, अँडरसन व्हॅली, सोनोमा आणि मरीनच्या किनारी भागातून येतात. वायनरीचा पत्ता आणि द्राक्षांचा पत्ता वेगळा असू शकतो.

फ्रेंच कंपन्यांच्या अमेरिकी शाखा कितपत चांगल्या?

१९७३ मध्ये मोएत-हेनेसीने नापातल्या यॉन्टव्हिलला डोमेन शांदों सुरू केली आणि रांग लागली. पायपर-हाइडसिकने १९८० मध्ये पायपर सोनोमा उभी केली. मम कंपनीने गी दव्हो या जाणत्या वाइनमेकरला १९७९ मध्ये जागा हेरायला पाठवलं, त्यातून मम नापा झाली; त्यांची 'डीव्हीएक्स' ही वाइन त्याच्याच आडनावावरून. तेतँजेने १९८७ मध्ये कार्नेरोसमध्ये डोमेन कार्नेरोस काढली आणि शँपान्यमधल्या आपल्या वाड्यासारखाच वाडा टेकडीवर बांधला. स्पेनच्या फ्रेशनेतवाल्या फेरर कुटुंबाची ग्लोरिया फेरर १९८६ पासून लोकांसाठी खुली झाली.

या सगळ्यांत मला रोडरर इस्टेट वरचढ वाटते. शँपान्यच्या लुई रोडरर घराण्याचे प्रमुख जाँ-क्लोद रूझो यांनी इतरांसारखं नापाच्या रस्त्यावर दुकान थाटलं नाही. १९८२ मध्ये ते अँडरसन व्हॅलीत शिरले, स्वतःची जमीन घेतली, वेली लावल्या, आणि पहिली बाटली बाजारात यायला १९८८ उजाडलं. आजही तिथे केवळ स्वतःच्या बागेतलीच द्राक्षं वापरतात आणि ओकच्या मोठ्या पिंपांत मुरवलेली जुनी वाइन त्यात मिसळतात. साधी ब्रूट, म्हणजे कमी गोडीची, घेतली तरी तो भारदस्तपणा जाणवतो. त्यांची 'लर्मिताज' ही वरची श्रेणी, साल छापलेली. युरोपात त्यांची ब्रूट 'क्वार्टेट' नावाने विकली जाते. तिकडे कुणी ती पाजली तर ओळख दाखवा.

डोमेन कार्नेरोसबद्दल एक सांगायला हवं. तिथली वाइन तीन दशकांहून अधिक काळ आयलीन क्रेन यांनी घडवली. २०२० मध्ये त्या निवृत्त झाल्या. त्याआधी ग्लोरिया फेररच्या उभारणीतही त्यांचा हात होता. त्यांची 'ल रेव्ह' ही शार्डोने या पांढऱ्या द्राक्षाची वाइन एकदा तरी चाखावी, कुणी दुसरा पैसे देत असेल तर दोनदा.

अस्सल अमेरिकी, म्हणजे बाहेरच्या कंपनीशिवाय उभी राहिलेली, कोणती?

श्रॅम्सबर्ग. जेकब श्रॅम या जर्मन स्थलांतरिताने १८६२ मध्ये सुरू केलेली ही जागा पुढे बंद पडली होती. १९६५ मध्ये जॅक आणि जेमी डेव्हिस या जोडप्याने ती विकत घेतली आणि शार्डोनेच्या 'ब्लां द ब्लां'ने सुरुवात केली. तेव्हा अमेरिकेत हे वेड लागल्याचंच लक्षण होतं. सात वर्षांनी, फेब्रुवारी १९७२ मध्ये, निक्सन चीनला गेले आणि पेकिंगमध्ये चौ एन-लाय यांच्याबरोबर जो पेला उंचावला त्यात श्रॅम्सबर्गची १९६९ ची ब्लां द ब्लां होती. जाहिरातीवर लाखो डॉलर घालून जे झालं नसतं ते एका संध्याकाळी झालं.

दुसरं नाव आयर्न हॉर्स, ग्रीन व्हॅलीतलं, स्टर्लिंग कुटुंबाचं. १९८५ मध्ये जिनिव्हात रेगन आणि गोर्बाचेव्ह भेटले तेव्हा आयर्न हॉर्सची वाइन होती. त्यांची 'वेडिंग क्युव्हे' पिनो न्वार या काळ्या द्राक्षाची, किंचित गुलाबी झाक असलेली. साखरपुड्याला न्यायला बरी.

कॅलिफोर्नियाबाहेर काही आहे का, की तेवढंच?

भरपूर आहे, आणि पैशाच्या मानाने उत्तम माल तिथेच सापडतो.

न्यू मेक्सिकोचं ग्रुए हे नाव ऐकून लोक हसतात. वाळवंटात वाइन? शँपान्यमधले जिल्बेर ग्रुए १९८० च्या दशकात तिथे आले, त्यांच्या मुलांनी ट्रूथ ऑर कॉन्सिक्वेन्सेस या विचित्र नावाच्या गावाजवळ वेली लावल्या. जागा समुद्रसपाटीपासून साधारण १३०० मीटर उंच. दिवसा ऊन कडक, पण रात्री पारा इतका उतरतो की द्राक्षातला आंबटपणा टिकून राहतो. हवा कोरडी असल्याने बुरशीचा त्रासही कमी. १९८९ मध्ये पहिली वाइन आली. २०१४ मध्ये कंपनी वॉशिंग्टनच्या प्रिसेप्ट वाइनने घेतली आणि आता सगळीच द्राक्षं न्यू मेक्सिकोची नसतात, म्हणून वर सांगितलेला 'अमेरिकन' हा शब्द तिथे बघायला मिळेल. तरीही वीसेक डॉलरच्या आतबाहेर ग्रुए ब्रूटशी टक्कर देणारं फारसं काही नाही.

वॉशिंग्टन राज्यातली डोमेन सेंट मिशेल त्याहून स्वस्त, आणि बाटलीतच आंबवलेली. मोठ्या पार्टीला मी डोळे झाकून हीच सुचवतो. ओरेगनमध्ये आर्गाइल आहे: १९८७ मध्ये डंडी गावात हेझलनट वाळवायच्या जुन्या कारखान्यात सुरू झालेली, विलामेट व्हॅलीच्या थंड टेकड्यांवरच्या पिनो आणि शार्डोनेची. साल छापलेली, काटेकोर, किंचित सफरचंदी. जेवणाबरोबर प्यायची असेल तर ही घ्या.

मिशिगनच्या लीलानाव द्वीपकल्पावर लॅरी मॉबी यांनी बुडबुड्यांवर आयुष्य काढलं, एल. मॉबीच्या बाटल्या मिडवेस्टबाहेर क्वचित दिसतात, शिकागोकडच्या मंडळींनी शोधाव्यात. न्यूयॉर्कच्या फिंगर लेक्समध्ये डॉ. कॉन्स्टंटिन फ्रँक यांच्या घराण्याची वाइन आहे.

आणि व्हर्जिनियाची तिबो-जानिसों. ओबामांची पहिली सरकारी मेजवानी २४ नोव्हेंबर २००९ ला झाली, पाहुणे होते पंतप्रधान मनमोहन सिंग, आणि त्या रात्री शार्लट्सव्हिलच्या याच घरची ब्रूट वाढली होती. वॉशिंग्टन परिसरातल्या मराठी मंडळींना पाहुण्यांपुढे सांगायला याहून चांगली गोष्ट मिळणार नाही.

ब्रूट, एक्स्ट्रा ड्राय, डेमी-सेक: यातली गोड कोणती?

इथे सगळे फसतात. 'एक्स्ट्रा ड्राय' ही ब्रूटपेक्षा गोड असते. युरोपातल्या मोजणीप्रमाणे लिटरमागे साखर अशी: ब्रूट नेचर ३ ग्रॅमच्या आत, एक्स्ट्रा ब्रूट ६ पर्यंत, ब्रूट १२ च्या आत, एक्स्ट्रा ड्राय १२ ते १७, ड्राय १७ ते ३२, डेमी-सेक ३२ ते ५०. अमेरिकेत कायद्याने हे आकडे बांधलेले नाहीत, पण नावाजलेले उत्पादक साधारण तेच पाळतात. स्वस्त बाटल्यांमध्ये मात्र 'ब्रूट' हा शब्द बराच सैल झालेला आढळतो.

हल्ली ब्रूट नेचरचं वेड आहे. साखर अजिबात नको म्हणणाऱ्यांना ती भारी वाटते. कच्च्या द्राक्षाची वाइन असेल तर ती नुसती आंबटढाण लागते. तेव्हा ज्याने आयुष्यात पहिल्यांदा घोट घ्यायचा आहे त्याला ही देऊ नका.

ब्लां द ब्लां, ब्लां द न्वार, रोझे?

ब्लां द ब्लां पांढऱ्या द्राक्षाची, म्हणजे बहुधा शार्डोनेची: लिंबाकडे झुकणारी, ताठ. ब्लां द न्वार काळ्या द्राक्षाचा पांढरा रस, बहुधा पिनो न्वार: अंगाने भरलेली. रोझे गुलाबी, आणि गुलाबी म्हणजे गोड हा समज सोडा. आपल्या मसाल्यांपुढे रोझेच सगळ्यात टिकून राहते.

बाटलीवर साल नसेल तर माल जुना किंवा हलका असतो का?

नाही. वेगवेगळ्या वर्षांच्या वाइन मिसळून दरवर्षी एकसारखी चव राखणं हे कसब आहे. साल असलेली म्हणजे त्या एका वर्षाची, जास्त मुरवलेली, महाग. खरी काळजी वेगळीच आहे: साल नसलेली बाटली दुकानात किती दिवस उजेडात उभी आहे? पारदर्शक काचेतली रोझे ट्यूबलाइटखाली राहिली की तिला उकडलेल्या कोबीसारखा वास येऊ लागतो. जिथे माल भराभर खपतो तिथून घ्या, शोकेसमधली घेऊ नका. काही उत्पादक मागच्या लेबलवर गाळ काढल्याचा महिना छापतात. ती तारीख जितकी अलीकडची तितकं बरं.

किती खर्च करावा?

भाव राज्याराज्यांत आणि दुकानादुकानांत बदलतात, पण अंदाज असा. पंधरा डॉलरच्या आत डोमेन सेंट मिशेल. वीसच्या आसपास ग्रुए, मम नापा, ग्लोरिया फेरर. पंचवीस-तीसला रोडरर इस्टेट ब्रूट, डोमेन कार्नेरोस थोडी पुढे. चाळीसच्या वर श्रॅम्सबर्ग ब्लां द ब्लां. शंभरापुढे 'जे. श्रॅम'सारख्या खास बाटल्या.

माझ्या मते पैसा खरा वसूल होतो तो वीस ते तीसमध्ये. याच किमतीत फ्रेंच शॅम्पेन घ्यायला गेलात तर सहसा कुठल्यातरी बड्या दुकानाचं स्वतःचं लेबल मिळतं, आणि त्याच्यापेक्षा रोडरर इस्टेट कधीही सरस. शंभरच्या पुढे मात्र हिशेब बदलतो. तिथे छोट्या शेतकऱ्यांनी स्वतः बनवलेल्या फ्रेंच बाटल्या अमेरिकी वाइनला जड जातात. हे ऐकून कॅलिफोर्नियाचे अभिमानी रागावतात.

बुडबुडे महाग का, याचं थोडं उत्तर करातही आहे. साध्या वाइनवर संघराज्याचा उत्पादन कर गॅलनला १.०७ डॉलर, स्पार्कलिंगवर ३.४०. म्हणजे बाटलीमागे साधारण २१ सेंटऐवजी ६७ सेंट. रक्कम छोटी आहे, पण बुडबुडे म्हणजे चैन ही सरकारची समजूत तिच्यातून दिसते.

तीस माणसांची पार्टी आहे. किती बाटल्या आणू?

नुसता शुभेच्छांचा पेला असेल तर बाटलीतून सहा-सात होतात: पाच बाटल्या. गप्पांबरोबर प्यायची असेल तर बाटलीतून पाच पेले धरा, पिणाऱ्या माणशी दोन. आपल्याकडे निम्मे लोक 'मी फक्त चव बघतो' म्हणतात, त्यातले निम्मे पुन्हा येतात. अमेरिकेत बऱ्याच दुकानांत सहा किंवा बारा बाटल्यांवर सूट मिळते, विचारा. एकवीस वर्षांखालच्या पाहुण्यांसाठी द्राक्षाचा रस वेगळा ठेवा.

आपल्या जेवणाबरोबर चालते?

जेवणापेक्षा आधीच्या खाण्याबरोबर जास्त. तळलेलं आणि खारट समोर असेल तर ब्रूटसारखं दुसरं पेय नाही. बटाटेवडा, कोथिंबीर वडी, साबुदाणा वडा, रव्यात घोळून तळलेलं पापलेट किंवा बोंबील, मीठ लावलेले काजू. आंबटपणा तेल कापतो, बुडबुडे जीभ धुऊन काढतात, पुढचा वडा पहिल्यासारखाच लागतो. हिरव्या मिरचीचा ठेचा मात्र लांब ठेवा. तिखट आणि कर्बवायू एकत्र आले की जीभ नुसती भाजते. तिखट टाळता येणार नसेल तर एक्स्ट्रा ड्राय किंवा रोझे घ्या.

कोल्हापुरी रश्श्यापुढे कुठलीच टिकत नाही. तिथे ताक किंवा सोलकढीच.

गोडाची गोष्ट उलटी. पुरणपोळी, श्रीखंड, बासुंदी यांच्याबरोबर ब्रूट दिली की ती लिंबासारखी आंबट लागते आणि पाहुणे तोंड वाकडं करतात. वाइन पदार्थापेक्षा गोड हवी, तेव्हा डेमी-सेक. ग्रुएची डेमी-सेक सहज मिळते. श्रॅम्सबर्गची 'क्रेमाँ' ही डेमी-सेक फ्लोरा नावाच्या द्राक्षापासून बनते. सेमियों आणि गेवुर्त्सट्रामिनर यांचा तो संकर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस केंद्रात हॅरॉल्ड ओल्मो यांनी केला. फुलांचा वास, मध, थोडी आंबट धार. आंब्याच्या आम्रखंडाबरोबर एकदा देऊन बघा.

आम्ही शाकाहारी आहोत. वाइनमध्ये मांसाहारी काही असतं का?

असू शकतं. वाइन नितळ करायला काही उत्पादक माशापासून काढलेला पदार्थ, अंड्यातला पांढरा बलक किंवा दुधातलं प्रथिन वापरतात. काही बेंटोनाइट नावाची माती वापरतात. नितळ झाल्यावर हे पदार्थ काढून टाकले जातात आणि अमेरिकेत लेबलवर लिहिणं सक्तीचं नाही. काटेकोर पाळणाऱ्या घरात न्यायची असेल तर 'व्हीगन' छापलेली घ्या किंवा वायनरीला सरळ पत्र टाका, उत्तर बहुधा येतं.

उघडायची कशी? मागच्या वेळी छताला खूण पडली.

बाटलीतला दाब साधारण सहा वातावरणांचा, म्हणजे गाडीच्या टायरमधल्या हवेच्या अडीच पटीच्या पुढे. तेव्हा क्रिकेटचा चषक जिंकल्यासारखी हलवू नका. आधी नीट थंड करा. कोमट बाटलीच जास्त उसळते. फ्रिजमध्ये तीन तास, किंवा बर्फ आणि पाणी एकत्र घातलेल्या बादलीत अर्धा तास. नुसत्या बर्फात वेळ जास्त लागतो.

कागद काढा, बुचावर अंगठा ठेवा, तार साधारण सहा अर्धे वेढे देऊन सैल करा, पण अंगठा उचलू नका. बाटली तिरपी धरा, तोंड कुणाकडे नको. मग बूच घट्ट धरून बाटली फिरवा, बूच नाही. ते वर येऊ लागलं की उलट थोडं दाबून धरा. हलकासा उसासा ऐकू आला पाहिजे, स्फोट नाही. फटाका फोडण्याची हौस असेल तर ती आठ डॉलरच्या बाटलीवर भागवावी.

पेला उंच निमुळताच हवा असं नाही. त्यात बुडबुडे दिसतात छान, पण वास कोंडतो. पांढऱ्या वाइनचा साधा पेला उत्तम. पसरट बशीसारखे पेले सिनेमात शोभतात. आणि उरलीच तर बुचाऐवजी चिमट्याचं झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवा, दोन दिवस बरी राहते. बाटलीत चमचा उभा ठेवण्याचा उपाय निरुपयोगी आहे.

वायनरी बघायला जायचं असेल तर?

आधी वेळ ठरवून जा, बहुतेक ठिकाणी तशीच पद्धत आहे. आई-बाबा भारतातून आले असतील आणि पीत नसतील तर डोमेन कार्नेरोसचा गच्चीवरचा देखावा त्यांनाही आवडेल. श्रॅम्सबर्गमध्ये डोंगरात खणलेल्या जुन्या गुहा आहेत, एकोणिसाव्या शतकात चिनी मजुरांनी खोदलेल्या, तिथे गार असतं म्हणून शाल न्या. चार वायनऱ्यांचा बेत आखू नका, दोन पुरेत. गाडी चालवणारा वेगळा ठेवा. कॅलिफोर्नियात रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०८ टक्के आहे आणि पोलीस तो रस्ता चांगला ओळखतात.

नाशिकच्या वाइनशी याचं काही नातं आहे का?

आहे, आणि ते ऐकून इथल्या लोकांना नवल वाटतं. सुला सुरू करणारे राजीव सामंत स्टॅनफर्डला शिकले, कॅलिफोर्नियात नोकरी करून परतले, आणि त्यांना नाशिकमध्ये वाइन घडवायला मदत केली ती सोनोमाच्या केरी डॅम्स्की यांनी. सुला ब्रूटही बाटलीतच आंबवलेली. त्याच्या बरीच आधी, १९८० च्या दशकात, शामराव चौगुले यांच्या इंडाजने नारायणगावात 'ओमर खय्याम' बनवली, पायपर-हाइडसिकच्या तांत्रिक मदतीने. म्हणजे सोनोमात वायनरी उभारणारं फ्रेंच घराणं त्याच दशकात जुन्नर तालुक्यातही वाइन घडवायला हातभार लावत होतं. शांदोंनेही २०१३ मध्ये नाशिकची द्राक्षं घेऊन भारतीय बुडबुडे बाजारात आणले. नाशिकला तोडणी थंडीत होते, कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात.

भारतात जाताना नेता येईल?

प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य सीमाशुल्काशिवाय नेता येतं, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या. त्या विमानतळावर सोपवायच्या सामानातच. सामानाच्या कक्षातही हवेचा दाब राखलेला असल्याने बाटली फुटत नाही, फुटते ती आपटल्याने. जाडसर स्वेटरमध्ये गुंडाळून बॅगेच्या मध्यभागी ठेवा. गुजरातमार्गे जाणार असाल तर तिथल्या दारूबंदीचा परवाना लागतो. मी नेतो तेव्हा ग्रुए नेतो: नाशिकवाल्यांना वाळवंटातली वाइन चाखायची उत्सुकता असते, आणि सामानात हरवली तरी फार जीव जळत नाही.